खणखणीत आणि बद्द

जानेवारीत आमचं म्युझियम बंद असतं. म्हणजे तिकीटखिडकी बंद असते. रुळांवर बर्फ साचलेला असतो, ट्रामच्या तारांमधून वारा शीळ घालत असतो, पारा उणे पंधराच्या खाली उतरलेला असतो. तरीही शनिवारी सकाळी आठ वाजता वर्कशॉपच्या भिंतीलगत दहा-बारा मोटारी उभ्या दिसतात आणि आतून हातोड्यांचा आवाज येत असतो. त्यातली एक मोटार माझी.

शिकागोहून वायव्येकडे तासभर गेलं की मका आणि सोयाबीनची शेतं सुरू होतात. त्या शेतांत युनियन नावाचं पाचशे-सहाशे वस्तीचं गाव आहे आणि गावाला लागून इलिनॉय रेल्वे म्युझियम. इंजिनं, प्रवासी डबे, ट्राम, मालगाडीच्या वाघिणी मिळून चारशेहून अधिक गाड्या इथे आहेत आणि त्यातल्या कितीतरी अजून चालतात. पाच मैलांची स्वतःची मुख्य लाइन आहे, ट्रामसाठी वेगळा फेरा आहे. हा सगळा पसारा जवळजवळ पूर्णपणे स्वयंसेवक चालवतात. इंजिन हाकणारा, तिकीट तपासणारी, सडलेला स्लीपर उपसणारा, शिडीवर चढून तार ओढणारा, सगळे बिनपगारी. येण्याजाण्याचं पेट्रोलसुद्धा ज्याचं त्याचं. आठवडाभर यातलं कुणी शाळेत शिकवतं, कुणी दातांचा दवाखाना चालवतं, कुणी ट्रक चालवतं. मी आयुष्यभर हिशेबनिसाचं काम केलं. मराठी मंडळींच्या घरी जेवायला गेलं की प्रश्न ठरलेला असतो, ‘शनिवार-रविवारी तिथे जाऊन तू नक्की करतेस काय?’ त्याचं उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही, म्हणून हा लेख.

सुरुवात कुर्डुवाडीपासून करायला हवी. ते माझं माहेर. सोलापूर जिल्ह्यातल्या या जंक्शनला पूर्वी ‘बार्शी रोड’ म्हणत. मोठी लाइन इथून जायची, पण बार्शीची बाजारपेठ वीसेक मैल आडबाजूला राहिली होती. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरने 1897 मध्ये तिथपर्यंत अडीच फुटी लाइन टाकली. 1906 मध्ये ती पंढरपूरला पोचली, 1911 मध्ये लातूरला आणि 1927 मध्ये मिरजेला. ‘बार्शी लाइट’ हे तिचं नाव सरकारने ती 1954 मध्ये ताब्यात घेतल्यावरही लोकांच्या तोंडून गेलं नाही. तिच्या इंजिनांचं आणि डब्यांचं दुखणंखुपणं कुर्डुवाडीच्या वर्कशॉपात निघायचं आणि तिथे अण्णा, माझे वडील, बॉयलरमेकर होते.

मी त्यांचा डबा घेऊन जायची. वॉशआऊटच्या दिवशी, म्हणजे इंजिन थंड करून बॉयलर धुवायच्या दिवशी, अण्णा फायरबॉक्सच्या आत असायचे. बाहेरून फक्त आवाज ऐकू यायचा: टण, टण, टण, टण. मध्येच एखादा ठोका वेगळा पडायचा आणि मग काही क्षण सगळं शांत. डबा खाली ठेवून मी त्या शांततेची वाट पाहत उभी राहायची. आत काय चाललंय हे मात्र मी त्यांना कधी विचारलं नाही. मुलींनी असले प्रश्न विचारायचे नसतात असं घरात कुणी म्हटलं नव्हतं, तरी मी विचारलं नाही. लग्न होऊन 1987 मध्ये मी इथे आले. अण्णा 2003 मध्ये गेले.

2014 च्या मे महिन्यात, मेमोरियल डेच्या सुट्टीत, शेजारच्या एका कुटुंबाबरोबर मी पहिल्यांदा युनियनला गेले. फ्रिस्को 1630 नावाचं वाफेचं इंजिन दहा वर्षांनी पुन्हा धावणार होतं. मोटारीचं दार उघडलं आणि दगडी कोळशाचा धूर, त्यात तापलेल्या तेलाचा वास आला. तो वास मला सत्तावीस वर्षांत आला नव्हता. मी तिकीटखिडकीकडे गेलेच नाही. तेलाने माखलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना गाठून विचारलं, इथे काम करायला काय लागतं? ते म्हणाले, हातमोजे.

त्या इंजिनाची गोष्ट आधी सांगते, कारण माझा जीव तिथे अडकला आहे. 1918 मध्ये बाल्डविन कारखान्याने ते रशियासाठी बांधलं. पहिल्या महायुद्धात रशियाला इंजिनांची फार निकड होती आणि अमेरिकेत त्यांची शेकड्यांनी मागणी नोंदवली गेली होती. मग रशियात क्रांती झाली आणि सुमारे दोनशे इंजिनं इथेच अडकून पडली. रशियाचा रूळ पाच फुटी आणि अमेरिकेचा चार फूट साडेआठ इंची. इंजिन तर तयार, पण घरच्या रुळावर बसेना. तेव्हा चाकांवर नेहमीपेक्षा रुंद टायर चढवून हा साडेतीन इंचांचा फरक भागवला गेला. (रेल्वेच्या चाकाला टायर असतो हे अनेकांना ठाऊक नसतं. तो पोलादाचा असतो, तापवून फुगवून चढवायचा आणि थंड होताना तो आपोआप आवळून बसतो; बैलगाडीच्या चाकावर लोहार धाव चढवतो, अगदी तसंच.) फ्रिस्को कंपनीने ते वापरलं, 1951 मध्ये एका खाण कंपनीला विकलं आणि 1967 मध्ये ते म्युझियमकडे आलं. दूरदेशी जायला घडवलेलं आणि भलत्याच गावाला आयुष्य काढलेलं हे इंजिन. त्याच्या दहा चालत्या चाकांना तेल देताना माझ्या मनात काय काय येत असेल, ते वाचणाऱ्याला कळेल.

म्युझियम मात्र त्या इंजिनाहून पुष्कळ धाकटं. 1953 मध्ये दहा जणांनी वर्गणी काढून एक जुनी विजेची गाडी वाचवली. इंडियाना रेलरोडची 65 क्रमांकाची, 1931 मध्ये बांधलेली. गावागावांना जोडणाऱ्या अशा विजेच्या गाड्या अमेरिकेत एके काळी जाळ्यासारख्या पसरल्या होत्या. मोटारी आल्या, रस्ते झाले, आणि पन्नाशीच्या दशकापर्यंत त्यातल्या बहुतेक भंगारात गेल्या. दहा जणांनी एक गाडी घेतली, मग दुसरी, मग तिसरी. सुरुवातीला त्या एका लोखंडी ओतकामाच्या कारखान्याच्या आवारात उभ्या होत्या. जागा पुरेना, तेव्हा 1964 मध्ये सगळा संसार युनियनला हलवला. इथे एल्जिन आणि बेलव्हिडियर या गावांमधल्या विजेच्या लाइनीचा जुना भराव मोकळा पडला होता. ती लाइन 1907 मध्ये सुरू झाली आणि 1930 मध्ये बंद पडली. गवत माजलेल्या त्या भरावावर स्वयंसेवकांनी पुन्हा रूळ टाकले आणि 1966 मध्ये गाड्या धावू लागल्या. हे वाचलं तेव्हा मी थबकले, कारण मुंबईत विजेची ट्राम सुरू झाली ती 1907 मध्येच आणि शेवटची ट्राम धावली ती 31 मार्च 1964 रोजी. एकीकडे ट्राम निरोप घेत होती, त्याच वर्षी दुसरीकडे तिच्यासाठी शेत खरेदी झालं होतं.

हातमोजे घेऊन गेले त्या दिवशी मला इंजिनाला हात लावू दिला नाही, आणि ते बरोबरच होतं. पहिलं वर्ष मी डबे पुसले. वेताच्या सीटांमधली धूळ दातांच्या ब्रशने काढली. नियमांचं पुस्तक पाठ केलं. गाडीवर काम करायचं असेल तर दरवर्षी परीक्षा द्यावी लागते आणि वीस वर्षं इंजिन चालवणाऱ्यालाही ती चुकत नाही. सगळ्यात आधी शिकवतात तो निळा झेंडा. गाडीखाली किंवा दोन डब्यांमध्ये शिरून काम करणाऱ्याने गाडीला निळा झेंडा लावायचा; तो असेपर्यंत ती गाडी हलवायची नाही, तिला दुसरी जोडायची नाही. आणि झेंडा ज्याने लावला त्यानेच काढायचा. काम संपलेलं दिसतंय, तो जेवायला गेलाय, आपणच काढू, हे चालत नाही. आत माणूस आहे की नाही हे बाहेरच्याने ठरवायचं नसतं. हा नियम मला घरातही लागू करावासा वाटतो.

काही गोष्टी मात्र शिकाव्या लागल्या नाहीत. ट्राममधली कंडक्टरची घंटा: दोन टोले म्हणजे चला, एक म्हणजे थांबा. एस.टी.त बसून वाढलेल्या मुलीला ते कुणी काय शिकवणार! फाटकाआधी रुळाकडेला ‘डब्ल्यू’ लिहिलेली पाटी दिसली की इथे दोन लांब, एक आखूड, एक लांब अशी शिटी देतात. आपल्याकडे त्या पाटीवर ‘सी/फा’ असतं, सीटी आणि फाटक. लहानपणी आम्ही भावंडं ती अक्षरं म्हणजे कुठल्यातरी माणसाचं नाव समजत होतो.

एप्रिलमध्ये रूळ मोकळे होतात आणि पहिलं काम असतं स्लीपरांचं. इथे ते लाकडाचे असतात. मी हिशेबाची बाई, म्हणून एका दुपारी आकडेमोड करून पाहिली. मैलाला तीन हजारांच्या आसपास स्लीपर लागतात, म्हणजे पाच मैलांना पंधरा हजार. एक स्लीपर तीस वर्षं टिकला असं धरलं, तर दरवर्षी पाचशे बदलल्यावर आपण आहोत तिथेच राहतो. एकेकाचं वजन ऐंशी-नव्वद किलो. एका वसंतात तीनशेच झाले तर उरलेले दोनशे कुठे जात नाहीत, पुढच्या वर्षीच्या पाचशेत मिळतात. म्युझियमला येणाऱ्या पाहुण्यांपैकी एकही जण स्लीपर पाहायला येत नाही. पण रविवारी मुलं खिडकीतून हात हलवत जातात ती त्यांच्यावरूनच.

उन्हाळा हा पाहुण्यांचा. चार जुलैला ट्रामची मिरवणूक असते. रंगवलेल्या, पितळ घासलेल्या ट्राम एकामागून एक निघतात आणि लोक गवतात खुर्च्या टाकून बसतात. जुलैतच डिझेल इंजिनांचे दिवस असतात, ऑगस्टमध्ये जुन्या मोटारींचं प्रदर्शन. सप्टेंबरच्या एका शनिवार-रविवारी शेडमधून जितकं बाहेर काढता येईल तितकं काढतात आणि त्या दोन दिवसांत आम्ही पायावर नसतो, चाकांवर असतो. ऑक्टोबरमध्ये भोपळ्यांसाठी मुलं येतात. यातल्या प्रत्येकाबद्दल लिहिण्यासारखं आहे, पण मी एकाच गाडीबद्दल लिहिते.

तिचं नाव नेब्रास्का झेफर. बड कंपनीने 1936 मध्ये बांधलेली, अख्खी स्टेनलेस स्टीलची, पाच डबे एकमेकांत गुंफलेले. शेजारच्या दोन डब्यांना चाकांचा एकच गाडा मिळून, त्यामुळे वजन कमी आणि वळणावर चाल मऊ. सुरुवातीला ती शिकागो आणि मिनियापोलिसच्या दरम्यान धावायची. नेब्रास्काला जाऊ लागली ती नंतर. पुढे 1940 चं ‘सिल्व्हर पायलट’ नावाचं डिझेल इंजिन. आणि डब्यांना रोमन देवींची नावं: व्हीनस, व्हेस्टा, मिनर्व्हा, सीरिस, जुनो. सीरिस ही धान्याची देवी, म्हणून तिच्या नावाचा डबा जेवणाचा. हे मी फोनवर आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘म्हणजे तुमची दख्खनची राणीच की गं. आमची एकच, तुमच्या पाच.’ दख्खनची राणी 1930 ची. त्या दशकात जगभरच्या रेल्वे कंपन्यांना वाटू लागलं होतं की गाडी नुसती पोचवणारी असून भागणार नाही, तिचा थाट हवा. झेफरचं स्टील मी पुसते तेव्हा नेहमी एका दिशेने पुसते, पन्हळीच्या रेषेत. आडवं पुसलं की ओरखडे उन्हात दिसतात. हे मला ज्या बाईंनी शिकवलं त्या आता पंच्याऐंशीच्या आहेत. लहानपणी त्या याच गाडीतून आजोळी गेल्या होत्या.

डिसेंबरात नाताळची गाडी असते. दिव्यांच्या माळा लावलेले डबे, सांताक्लॉज, मुलांच्या हातात बिस्किटं. गर्दी इतकी की तिकिटं आधीच काढावी लागतात, आणि गार वाऱ्यात फलाटावर उभं राहून तीन थर कपड्यांखालीही बोटं बधिर होतात. काही स्वयंसेवक म्हणतात, यात रेल्वे कमी आणि जत्रा जास्त. मला ते पटत नाही. कुर्डुवाडीत जत्राच रेल्वेला जगवायची. आषाढी जवळ आली की वर्कशॉपात आणि शेडमध्ये रात्रंदिवस काम चाले. जादा गाड्या सुटत, बार्शी लाइटचे चिमुकले डबे वारकऱ्यांनी छतापर्यंत लगडलेले असत. आठ-दहा दिवस अण्णा झोपण्यापुरते घरी येत. आई चिडली की म्हणत, ‘माउलीला चालवत नेणारे वेगळे. आमचं काम बॉयलर चालवायचं.’ वारी सुखरूप परतली की एकादशीचा उपास ते द्वादशीला नव्हे, शेवटचं इंजिन शेडमध्ये आल्यावर सोडायचे. नाताळच्या रात्री शेवटची गाडी रिकामी होऊन शेडमध्ये येते, तोवर मीही घरचा डबा उघडत नाही. हे मी इथे कुणाला समजावून सांगितलेलं नाही.

त्याआधी नोव्हेंबरात एक काम असतं ते पाहुण्यांना कधीच दिसत नाही: पाणी काढणं. बहुतेक शेडना हीटर नाहीत. डब्यांच्या टाक्या, बेसिनं, संडास, इंजिनांचे पंप, नळ्यांची वळणं, जिथे म्हणून पाण्याचा थेंब राहू शकतो तिथून तो काढावा लागतो. कॉक उघडायचे, मग दाबाची हवा सोडून नळी फुंकायची. पाणी गोठताना फुगतं आणि तांब्याची नळी शेंगेसारखी उकलते. माझ्या दुसऱ्या वर्षी एका डब्याची यादी माझ्याकडे होती. बेसिनखालचा एक कॉक मी उघडला, पाणी आलं नाही, म्हणून नळी कोरडी समजून पुढे गेले. कॉकच्या तोंडात गाळ होता. एप्रिलमध्ये पाणी भरलं आणि लाकडी भिंतीच्या मागून ते खाली आलं. भिंतीची 1920 च्या दशकातली महोगनीची फळी फुगली. मी दोन रात्री झोपले नाही. ज्यांनी तो डबा अनेक वर्षं खपून नीट केला होता, ते मला काही बोलले नाहीत. त्यांनी गॅसची शेगडी आणि झाळकामाचं सामान आणून माझ्यासमोर ठेवलं. तीन शनिवार लागले. नळी मी जोडली, फळी त्यांनी. आता यादीत त्या कॉकपुढे माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे: ‘पाणी आलं नाही तर तार घाला.’

आणि मग पुन्हा जानेवारी.

हिवाळा वाफेच्या इंजिनांचा असतो, कारण ती थंड असतात आणि उघडता येतात. या देशात वाफेच्या बॉयलरचा कायदा कडक आहे. दर 31 कामाच्या दिवसांनी एक तपासणी, वर्षाला एक मोठी, आणि 1,472 कामाचे दिवस किंवा 15 वर्षं, जे आधी भरेल तेव्हा, सगळ्या नळ्या काढून बॉयलरचा पत्रा न् पत्रा पाहायचा. हे नियम 2000 मध्ये नव्याने लागू झाले, त्यामागे एक अपघात होता. 16 जून 1995 रोजी पेनसिल्व्हेनियात गेटिसबर्गजवळ पर्यटकांच्या एका गाडीच्या इंजिनात पाणी कमी पडलं. फायरबॉक्सचं छत पाण्याबाहेर उघडं पडलं, तापून मऊ झालं आणि वाफेच्या दाबाने फाटलं. इंजिनावरचे तिघे जण भाजले. तपासात निघालं की पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचनळीची वाट क्षाराने बुजत आली होती. काचेत पाणी दिसत होतं, बॉयलरात ते नव्हतं. तो अहवाल मी वाचला तेव्हा अण्णांचं एक वाक्य आठवलं. नव्या खलाशाला ते सांगायचे, ‘काच खोटं बोलू शकते. तिला दर पाळीला धू, मग तिच्यावर विश्वास ठेव.’ लहानपणी मला ते सुविचारासारखं वाटायचं. ते शब्दशः काचेबद्दल होतं.

आता तो ठोक्यांचा आवाज. वाफेच्या इंजिनाचा फायरबॉक्स म्हणजे पेटीत पेटी. आतल्या पेटीत जाळ, बाहेरच्या पेटीचं कवच आणि दोहोंच्या मधल्या काही इंचांत उकळतं पाणी. वाफेचा दाब आतली पेटी चेपू पाहतो आणि बाहेरची फुगवू पाहतो. ते होऊ नये म्हणून दोन्ही पत्र्यांना शेकडो बोल्टांनी शिवलेलं असतं, गोधडीला टाके घालतात तसं. त्यांना स्टे बोल्ट म्हणतात. दाब चौरस इंचाला 180 पौंड आणि बोल्ट चार-चार इंचांवर असं धरलं, तर एकेका बोल्टावर तेराशे किलोंचा ओढा येतो. आतला पत्रा जास्त तापतो, जास्त वाढतो, आणि दर वेळी बोल्ट किंचित वाकतो. हजारो वेळा वाकून तो तुटतो, तोही आत, जिथे डोळा पोचत नाही. आखूड बोल्टांच्या मधोमध बारीक भोक पाडलेलं असतं. बोल्ट तुटला की त्यातून पाणी झिरपून चुगली करतं. पण भोक बुजूही शकतं. म्हणून हातोडी. प्रत्येक बोल्टाच्या डोक्यावर ठोका मारायचा. धड बोल्ट खणखणीत वाजतो आणि हातोडी उसळून परत येते. तुटलेला बद्द वाजतो, हातोडी तिथेच मरते. शेजारशेजारचे दोन तुटलेले सापडले तर ते इंजिन वाफेवर आणायला कायद्याने मनाई आहे.

माझी आई आठवडी बाजारात माठ घेताना बोटाच्या पेराने वाजवून पाहायची, ‘हा बद्द वाजतोय, दुसरा दाखव’ म्हणायची. घरात एक जण माठ वाजवत होतं, एक जण बॉयलर, आणि मी दोघांच्या मध्ये वाढले. तरी 1630 च्या फायरबॉक्सात पहिल्यांदा शिरले, तेव्हा त्या दोन आवाजांतला फरक मला एका निवृत्त पाइपफिटरकडून शिकावा लागला. त्याला तो शिकवणारा एका बंद पडलेल्या रेल्वेचा बॉयलरमेकर होता. पुस्तकात लिहिलेलं आहे, पण ‘बद्द’ हा आवाज कागदावर वाजत नाही. ज्याला तो येतो त्याच्याजवळ उभं राहूनच तो कानात बसतो, आणि तो माणूस गेला की त्याच्याबरोबर जातो. आपल्याकडे कितीतरी स्टेशनांबाहेर चौथऱ्यावर रंगवलेली इंजिनं आहेत. मी त्यांना नमस्कार करते. दिल्लीचं राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय 1977 पासून उघडं आहे, 1855 ची फेअरी क्वीन जपली गेली याचा मला अभिमान आहे. पण गावातल्या सामान्य माणसाला हातात पाना घेऊन आत शिरू देणारी जागा माझ्या पाहण्यात आलेली नाही. कुर्डुवाडीला ती असायला हवी होती. अडीच फुटी रूळ गेले, सगळी लाइन ब्रॉडगेज झाली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. लातूरच्या माणसाला मुंबई जवळ आली. बॉयलरमेकर हयात असताना त्यांच्याजवळ कुणी उभं राहिलं नाही, याची आहे. त्यांच्यात मीही येते.

2016 मध्ये माहेरी गेले तेव्हा दादाने माळ्यावरून अण्णांची हातोडी काढून दिली. अर्ध्या किलोची, गोल डोक्याची, त्यांनी स्वतःच्या पैशाने घेतलेली. लाकडी दांडा वाळवीने खाल्ला होता. इथे मी तिला हिकरीचा दांडा बसवला.

परवाच्या शनिवारी एकोणीस वर्षांचा एक कॉलेजचा मुलगा आमच्याबरोबर पहिल्यांदा आत आला. फायरबॉक्सचं तोंड अरुंद असतं, आधी हात घालायचे, मग डोकं, मग कुशीवर वळून कंबर. आत मान वर करून बसता येतं. मी निळा झेंडा लावून आले होते, तोही लावून आला होता, प्रत्येकाने आपापला. त्याने कान टवकारले. मी ठोके घालू लागले, वरच्या रांगेपासून, डावीकडून उजवीकडे. टण, टण, टण. मग हातोडी त्याच्या हातात दिली. आधी तो जोरात मारत होता. मी सांगितलं, मनगट सैल सोड, ती परत येते की नाही एवढंच बघ. तिसऱ्या रांगेत तो थांबला. पुन्हा एकदा मारलं. शेजारच्यावर मारलं आणि परत त्याच्यावर. बाहेर कुणीतरी पंप चालू केला होता, तो बंद होईपर्यंत आम्ही दोघं काही न बोलता बसून राहिलो.

‘हा वेगळा आहे,’ तो म्हणाला.

मी खडू पुढे केला. त्याने बोल्टाभोवती गोल काढला, वहीत रांग आणि क्रमांक लिहिला, आणि आम्ही चौथ्या रांगेला लागलो.